फायरप्लेस

फायरप्लेस म्हणजे खोली उबदार ठेवण्यासाठी भिंतीत बांधलेली, समोरून उघडी असलेली आणि धुराड्याला जोडलेली आगटी होय. तीत लाकूड, दगडी कोळसा किंवा पीट (दलदलीत साचलेल्या वनस्पतींपासून तयार झालेले जळण) जाळले जाते. धूर धुराड्यातून घराबाहेर जातो आणि ज्वाळा, निखारे व तापलेली भिंत यांची धग समोर बसलेल्यांना मिळते. थंड हवामानाच्या प्रदेशांत, विशेषतः पश्चिम युरोपात आणि तेथील वसाहतींमध्ये, अनेक शतके घर तापवण्याचे हे प्रमुख साधन होते.

उष्णता देण्याचे साधन म्हणून उघडी फायरप्लेस अतिशय उधळी आहे. जळणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो, शिवाय खोलीतील उबदार हवाही त्याच वाटेने निघून जाते. धूर बाहेर काढावा, पण उष्णता आत ठेवावी, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचे प्रयत्न म्हणजेच फायरप्लेसचा इतिहास, असे म्हणता येते.

नाव आणि व्याप्ती

मराठीत अग्नी पेटवण्याच्या जागांसाठी अनेक शब्द आहेत. स्वयंपाकासाठी ‘चूल’, उचलून नेता येणाऱ्या कोळशाच्या साधनासाठी ‘शेगडी’, अंग शेकण्यासाठी उघड्यावर पेटवलेल्या जाळासाठी ‘शेकोटी’, तर जमिनीतील किंवा ओट्यावरील विस्तवाच्या जागेसाठी ‘आगटी’ हा शब्द वापरला जातो. भिंतीत बांधलेल्या आणि धुराडे असलेल्या आगटीसाठी मात्र रूढ मराठी शब्द नाही. ही रचना महाराष्ट्राच्या हवामानाची गरज नसल्याने तिच्यासाठी ‘फायरप्लेस’ हा इंग्रजी शब्दच प्रचलित आहे. प्रस्तुत लेखात दारे बंद करता येणाऱ्या साधनाला ‘बंद भट्टी’ आणि समोरून उघड्या असलेल्या साधनाला ‘फायरप्लेस’ म्हटले आहे.

रचना

पारंपरिक फायरप्लेसचे पुढील भाग असतात:

आगटी – विस्तव पेटवण्याची तळाची जागा. ती वीट, दगड किंवा अग्निरोधक विटांची असते आणि ठिणग्या पडून जमीन जळू नये म्हणून थोडी खोलीतही पुढे आलेली असते.

जाळी – जळण तळापासून उचलून धरणारी लोखंडी चौकट. लाकूड राखेच्या थरावरही नीट जळते. दगडी कोळशाला मात्र खालून हवा लागत असल्याने जाळी आवश्यक ठरते.

पाठभिंत आणि बाजूच्या भिंती – या तापून उष्णता खोलीकडे परत फेकतात. त्यांची खोली आणि तिरकस कोन यांवर फायरप्लेसची उपयुक्तता मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते.

गळा – आगटीच्या वरचा निमुळता भाग. येथून धूर धुराड्यात शिरतो. त्यात अनेकदा उघडझाप करता येणारी झडप बसवलेली असते.

धुराचा कट्टा – गळ्याच्या लगेच वर, मागील बाजूस असलेली सपाट जागा. धुराड्यातून खाली उतरणारी थंड हवा तिच्यावर आदळून वर वळते, त्यामुळे धूर खोलीत येत नाही.

धुराडे – छतावर निघणारी उभी नळी. आतील वायू बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलके असतात व वर चढतात. या परिणामाला धुराड्याची ‘ओढ’ म्हणतात. धुराडे जितके उंच आणि आतील वायू जितके गरम, तितकी ओढ अधिक असते.

उष्णता खोलीत कशी येते

उष्णतेचे संक्रमण वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन प्रकारे होते. उघड्या फायरप्लेसमध्ये खोलीला मिळणारी उष्णता प्रामुख्याने प्रारणाने येते. निखारे आणि तापलेल्या विटा अवरक्त किरण बाहेर टाकतात. हे किरण हवेला फारसे न तापवता थेट समोरच्या माणसावर, फर्निचरवर आणि भिंतींवर पडतात. त्यामुळे फायरप्लेससमोर बसलेल्या माणसाचा चेहरा तापतो आणि पाठ मात्र गार राहते.

अभिसरणाने तापलेली हवा मात्र खोलीच्या उपयोगी पडत नाही. विस्तवालगत तापलेली हवा थेट वर चढून धुराड्यात जाते आणि तिची जागा घेण्यासाठी खोलीतील हवा आगटीकडे ओढली जाते. ज्वलनाला प्रत्यक्षात जितकी हवा लागते तिच्या कितीतरी पट हवा उघड्या तोंडातून आत जाते आणि तितकीच बाहेरची थंड हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून घरात शिरते.

हा व्यवहार एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका खोलीत ताशी ३ किलो वाळलेले लाकूड जळत आहे असे समजू. अशा एक किलो लाकडापासून सुमारे ४ किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे विस्तवाची एकूण शक्ती सुमारे १२ किलोवॅट झाली. यातील एक पंचमांश, म्हणजे सुमारे २.४ किलोवॅट, प्रारणाने खोलीत आली असे धरू. आता धुराड्यातून ताशी ३०० घनमीटर हवा बाहेर जात असेल, खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि बाहेरचे शून्य अंश असेल, तर तेवढ्या हवेला शून्यापासून २० अंशांपर्यंत तापवण्यासाठी सुमारे २ किलोवॅट लागतात. हा खर्च घराला सोसावा लागतो. म्हणजे १२ किलोवॅटचा विस्तव पेटवून घराच्या पदरात निव्वळ ०.४ किलोवॅट, सुमारे ३ टक्के, उष्णता पडली. बाहेरचे तापमान याहून खाली गेल्यास खर्च वाढतो. उणे ५ अंशांना तो २.५ किलोवॅट होतो आणि फायरप्लेस पेटवल्यामुळे एकूण घर उलट थंड होऊ लागते.

हा हिशेब संपूर्ण घराचा आहे. ज्या खोलीत विस्तव आहे तिथे बसलेल्या माणसाला ऊब निश्चितच जाणवते. तिची किंमत मात्र इतर खोल्यांना मोजावी लागते. घर तापवण्याची दुसरी यंत्रणा चालू असेल, तर फायरप्लेस तिने तापवलेली हवाच बाहेर फेकत असते.

ज्वलनाची कार्यक्षमता आणि तापवण्याची कार्यक्षमता यांत फरक करणे आवश्यक आहे. पहिलीवरून जळणातील किती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित झाली हे कळते, तर दुसरीवरून त्यातील किती उष्णता घरात राहिली हे कळते. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड बऱ्यापैकी पूर्ण जळूनही घराला मिळणारा वाटा अल्प असू शकतो.

जळणाचा ओलावाही महत्त्वाचा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाण्याचा असू शकतो. हे पाणी वाफ होऊन निघून जाताना उष्णता घेऊन जाते. विस्तव मंद राहतो, धूर वाढतो आणि धुराड्याच्या आतील बाजूस क्रिओसोट नावाचा डांबरासारखा ज्वालाग्राही थर साचतो. या थराने पेट घेतल्यास धुराड्यात आग लागते.

इतिहास

मधोमध असलेली आगटी

घरातील सर्वांत जुनी आगटी जमिनीच्या मधोमध असे. मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठ्या दालनांतही हीच पद्धत होती. धूर उंच छतापर्यंत चढून तेथील झरोक्यातून किंवा छपराच्या फटींतून बाहेर जाई. इंग्लंडच्या केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्यात इ.स. १३४१ च्या सुमारास बांधलेल्या दालनात अशी अष्टकोनी आगटी आजही पाहायला मिळते.

या पद्धतीत उष्णतेची नासाडी तुलनेने कमी होती. विस्तवाभोवती चारही बाजूंनी बसता येई आणि गरम धूर बाहेर पडण्यापूर्वी आपली बरीच उष्णता दालनात सोडत असे. मात्र डोळे चुरचुरणे, श्वसनाचे विकार आणि काजळी हे रोजचेच होते. धुरामुळे वरचा मजला बांधणेही कठीण होई.

भिंतीतील आगटी आणि धुराडे

बाराव्या शतकात किल्ल्यांच्या जाड दगडी भिंतींत आगटी बसवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये दिसू लागते. रोचेस्टर येथील किल्ल्याच्या बुरुजात अशा आगट्या आहेत. त्यांचा धूर भिंतीतील आखूड मार्गाने बाजूला बाहेर पडे. छतापर्यंत जाणारे खरे धुराडे त्यानंतर आले. यॉर्कशरमधील कॉनिसब्रो किल्ल्यातील, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील धुराडे इंग्लंडमधील सर्वांत जुन्या धुराड्यांपैकी एक मानले जाते.

सामान्य घरांपर्यंत धुराडे पोहोचण्यास पुढील काही शतके लागली. विल्यम हॅरिसन या इंग्रज धर्मोपदेशकाने इ.स. १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात, गावातील म्हाताऱ्यांच्या आठवणीत धुराड्यांची संख्या आश्चर्यकारकरीत्या वाढल्याची नोंद केली आहे. धुराने घरातील लाकूड टणक होते आणि धूर माणसांनाही औषधासारखा उपयोगी असतो, अशी जुनी समजूत असल्याचेही तो नमूद करतो.

धुराड्यामुळे घराची रचना बदलली. धूर एका बंद मार्गाने जाऊ लागल्याने दालनाच्या वर मजला घालणे आणि प्रत्येक खोलीत स्वतंत्र विस्तव ठेवणे शक्य झाले. मात्र आगटी भिंतीत गेल्यावर तिची ऊब एकाच बाजूला मिळू लागली आणि धुराबरोबर उष्णतेलाही बाहेरची थेट वाट मिळाली. स्वच्छ हवेच्या मोबदल्यात जळणाचा खर्च वाढला.

दगडी कोळसा आणि आगटी-कर

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत लंडनसारख्या शहरांत सरपण महाग होत गेले आणि घरोघरी दगडी कोळसा जाळला जाऊ लागला. कोळशाचा विस्तव लहान जागेत मावतो, परंतु त्याचा धूर अधिक त्रासदायक असतो. त्यामुळे लोखंडी जाळी, लहान आगटी आणि अरुंद धुराडे यांचा प्रसार झाला.

इ.स. १६६२ मध्ये इंग्लंडमध्ये आगटी-कर लागू करण्यात आला. प्रत्येक आगटीमागे वर्षाला दोन शिलिंग द्यावे लागत. गरिबांना त्यातून सूट होती. आगट्या मोजण्यासाठी अधिकारी घरात शिरत असल्याने हा कर लोकांना अत्यंत अप्रिय झाला आणि इ.स. १६८९ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्या काळातील घरांचा आकार आणि कुटुंबांची आर्थिक स्थिती जाणून घेण्यासाठी इतिहासकार आज या कराच्या नोंदी वापरतात.

धुराडे साफ करणारी मुले

कोळशाच्या फायरप्लेसची अरुंद आणि वळणावळणाची धुराडी साफ करण्यासाठी इंग्लंडमध्ये लहान मुलांना आत चढवले जाई. सुमारे १४ इंच लांब आणि ९ इंच रुंद पोकळीतून कोपर आणि गुडघे टेकत ही मुले वर सरकत. गुदमरणे, अडकणे आणि भाजणे हे धोके नित्याचे होते. पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने इ.स. १७७५ मध्ये धुराडे साफ करणाऱ्यांमध्ये आढळणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाचे हे पहिले शास्त्रीय वर्णन मानले जाते.

मुलांच्या संरक्षणासाठी इ.स. १७८८ पासून अनेक कायदे झाले, पण त्यांची अंमलबजावणी होत नव्हती. लांब दांड्याचे ब्रश उपलब्ध असूनही मुलांचा वापर चालूच राहिला. इ.स. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर या मुलाचा केंब्रिजजवळील फुलबोर्न येथे धुराडे साफ करताना मृत्यू झाला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने धुराडे साफ करणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला आणि त्यावर लक्ष ठेवण्याचे काम पोलिसांकडे सोपवले. त्यानंतर ही प्रथा संपुष्टात आली.

उष्णता वाचवण्याचे प्रारंभिक प्रयत्न

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फायरप्लेसच्या रचनेचा पद्धतशीर विचार सुरू झाला. लुई सावो या वैद्य आणि वास्तुविषयक लेखकाने इ.स. १६२४ मधील आपल्या ग्रंथात पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातील एका वेगळ्या फायरप्लेसचे वर्णन केले आहे. तीत खोलीतील हवा आगटीच्या खालून आणि पाठभिंतीच्या मागून फिरून, तापून पुन्हा खोलीत येत असे. अभिसरणाने वाया जाणारी उष्णता परत मिळवण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता. निकोला गोजे याने इ.स. १७१३ मध्ये विस्तवाच्या यांत्रिकीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. बाहेरची ताजी हवा पोकळ मार्गांतून तापवून आत सोडावी आणि आगटीच्या बाजू वक्र करून प्रारण खोलीकडे वळवावे, असे त्याने सुचवले.

अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांना गोजेच्या कामाची माहिती होती. फिलाडेल्फियाच्या परिसरातील सरपण दूरवरून आणावे लागत असल्याने महागत होते. फ्रँकलिन यांनी इ.स. १७४० च्या दशकाच्या प्रारंभी ‘पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस’ तयार केली आणि इ.स. १७४४ मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ही ओतीव लोखंडाची, समोरून उघडी पेटी होती. तिच्यातील धूर एका पोकळ कप्प्यावरून मागे जाऊन खाली उतरे आणि नंतर धुराड्यात चढे. त्या कप्प्यातून जाणारी हवा तापून खोलीत येई. या शोधाचे एकाधिकारपत्र देऊ केले असतानाही फ्रँकलिन यांनी ते नाकारले.

कल्पना तर्कशुद्ध असली तरी ती वापरणे अवघड होते. गरम धूर स्वभावतः वर चढतो. त्याला आधी खाली उतरवायचे तर धुराडे सतत गरम ठेवावे लागे. विस्तव मंदावला की ओढ कमी होऊन धूर खोलीत परते. पुढे डेव्हिड रिटनहाउस यांनी धूर उतरवण्याचा मार्ग वगळून साध्या नळीने तो धुराड्यात नेला. ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ या नावाने नंतर प्रसिद्ध झालेली साधने बहुतांशी अशा सुधारित नमुन्याची होती.

रम्फर्ड यांची फायरप्लेस

उघड्या फायरप्लेसच्या रचनेत सर्वांत प्रभावी बदल बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४), यांनी केला. अमेरिकेत जन्मलेले आणि युरोपात कार्य केलेले रम्फर्ड हे उष्णतेचे अभ्यासक होते. तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्यांचे निरीक्षण भौतिकशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. फायरप्लेसवरील त्यांचा निबंध इ.स. १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

फायरप्लेसची ऊब प्रामुख्याने प्रारणाने मिळते, म्हणून प्रारण वाढवावे आणि धुराबरोबर जाणारी जादा हवा रोखावी, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. त्यांनी सुचवलेले मुख्य बदल असे:

– आगटी उथळ करणे आणि पाठभिंत पुढे आणणे.
– पाठभिंतीची रुंदी समोरच्या तोंडाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवणे.
– बाजूच्या भिंती पाठभिंतीशी सुमारे १३५ अंशांचा कोन करून बाहेरच्या बाजूस तिरक्या करणे, जेणेकरून त्यांवर पडणारी उष्णता खोलीकडे वळेल.
– धुराड्याचा गळा सुमारे ४ इंच (१० सेंटिमीटर) इतका अरुंद करणे.
– गळ्याची पुढची कड गोलसर ठेवणे, त्यामुळे हवा आणि धूर भोवरे न करता सुरळीत वर जातात.
– गळ्याच्या मागे सपाट कट्टा ठेवून वरून येणारी थंड हवा अडवणे.

या बदलांसाठी कोणतेही नवे यंत्र लागत नव्हते. गवंडी थोड्या विटा वापरून जुनी फायरप्लेस सुधारू शकत होता. त्यामुळे ही पद्धत वेगाने पसरली. गळा अरुंद केल्याने धूर कमी होईल की वाढेल, अशी शंका घेतली जाई. प्रत्यक्षात थंड हवेचे मिश्रण घटल्याने धुराड्यातील वायू अधिक गरम राहत आणि ओढ सुधारत असे. जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ (१८१७) या कादंबरीत जुन्या मठाच्या दिवाणखान्यात रम्फर्ड फायरप्लेस बसवल्याचा उल्लेख येतो. त्यावरून ती त्या काळी आधुनिकतेची खूण झाली होती असे दिसते.

बंद भट्ट्यांची परंपरा

पश्चिम युरोपात उघडी फायरप्लेस सुधारली जात असताना उत्तर, मध्य आणि पूर्व युरोपात वेगळा मार्ग अवलंबला गेला. दीर्घ आणि कडाक्याच्या हिवाळ्यात उधळी आगटी परवडणारी नव्हती. जर्मन भाषक प्रदेशांत चिनीमातीच्या फरशांनी मढवलेल्या बंद भट्ट्या प्रचलित होत्या. त्यांत अनेकदा शेजारच्या स्वयंपाकघरातून किंवा बोळातून जळण घातले जाई, त्यामुळे बैठकीच्या खोलीत धूर येत नसे. रशियातील भव्य विटांच्या भट्टीवर झोपण्याची जागाही असे.

स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई जाणवू लागल्यावर शासनाने अधिक काटकसरी भट्टी तयार करण्याचे काम सोपवले. त्यानुसार कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी इ.स. १७६७ मध्ये सुधारित फरशांची भट्टी सादर केली. तीत धूर थेट वर न जाता विटांच्या अनेक उभ्या मार्गांतून वर-खाली फिरतो आणि आपली उष्णता विटांना देतो. थोडा वेळ जोरदार विस्तव पेटवला की तापलेल्या विटा पुढे कित्येक तास मंद ऊब देत राहतात.

धुरातील उष्णता इमारतीत साठवण्याचे तत्त्व याहून जुने आहे. प्राचीन रोममध्ये फरशीखालच्या पोकळीतून गरम वायू फिरवत, तर कोरियातील ‘ओंदोल’ पद्धतीत स्वयंपाकघरातील धूर जमिनीखालून नेऊन बाहेर सोडत. धुराड्याकडे जाण्यापूर्वी धुराला लांबचा प्रवास घडवणे हे या सर्व पद्धतींमागील समान सूत्र आहे.

प्रदूषण आणि ऱ्हास

ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक असल्याने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघडी फायरप्लेस टिकून राहिली. जॉर्ज ऑर्वेल यांनी इ.स. १९४५ मध्ये तिच्या बाजूने एक लेख लिहिला. ती उधळी आणि कष्टाची आहे हे मान्य करूनही, ती कुटुंबाला एकत्र बसवते हा तिचा मोठा गुण असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले.

त्यानंतर सात वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात, लंडनवर दाट विषारी धुके पसरले. थंड, निश्चल हवेत घरगुती फायरप्लेस, कारखाने आणि वीजकेंद्रे यांचा कोळशाचा धूर जमिनीलगत कोंडला गेला. प्रारंभी सुमारे ४,००० मृत्यूंचा अंदाज व्यक्त झाला. पुढील संशोधनात हा आकडा १२,००० पर्यंत असावा असे मांडण्यात आले. या आपत्तीनंतर इ.स. १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा झाला. स्थानिक संस्थांना धूरनियंत्रण क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार मिळाला आणि घरांतील आगट्या बदलण्यासाठी अनुदानाची तरतूद झाली. पुढे नैसर्गिक वायू आणि मध्यवर्ती तापनव्यवस्था यांच्या प्रसाराने कोळशाची फायरप्लेस नित्याच्या वापरातून गेली.

कार्यक्षमतेची तुलना

विविध साधनांची तापवण्याची कार्यक्षमता स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगितली जाते. रचना, जळण, हवामान आणि वापर यांनुसार आकडे बदलतात.

– लाकडाची उघडी फायरप्लेस: सुमारे १० ते १५ टक्के, तीव्र थंडीत शून्याजवळ किंवा उणे
– जाळीवरील दगडी कोळशाची उघडी फायरप्लेस: सुमारे २० ते ३० टक्के
– बंद दाराची आधुनिक लाकडाची भट्टी: सुमारे ६० ते ८० टक्के
– उष्णता साठवणारी विटांची भट्टी: सुस्थितीत ७० टक्क्यांहून अधिक

युरोपीय संघाने इ.स. २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत घन जळणाच्या नव्या साधनांसाठी किमान हंगामी कार्यक्षमता ठरवली आहे. समोरून उघड्या साधनांसाठी ती ३० टक्के, बंद साधनांसाठी ६५ टक्के आणि लाकडाच्या भुशाच्या दाबीव गोळ्या जाळणाऱ्या बंद साधनांसाठी ७९ टक्के आहे. याच नियमांत सूक्ष्म धूलिकण आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या उत्सर्जनावरही मर्यादा आहेत. कार्यक्षम भट्टीतूनही सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात. त्यामुळे दाट वस्तीत लाकूड जाळणे हा आजही वादाचा विषय आहे.

कार्यक्षमता वाढवण्याचे उपाय

अस्तित्वात असलेल्या फायरप्लेसमध्ये उष्णतेची नासाडी कमी करण्यासाठी पुढील उपाय केले जातात:

– आगटीत काचेच्या दाराची बंद भट्टी बसवणे आणि तिची नळी धुराड्यातून वर नेणे. हा सर्वांत परिणामकारक उपाय होय.
– ज्वलनासाठी लागणारी हवा स्वतंत्र नळीने थेट बाहेरून आणणे, जेणेकरून खोलीतील उबदार हवा खर्च होणार नाही.
– वापर नसताना झडप बंद ठेवणे. उघडे धुराडे विस्तव नसतानाही घरातील उबदार हवा ओढून घेते.
– पाठभिंतीपुढे लोखंडी पत्रा उभा करून प्रारण वाढवणे.
– पूर्ण वाळलेले लाकूड वापरणे आणि धुराडे नियमित साफ करणे.

निखारे पूर्ण विझण्यापूर्वी झडप बंद करणे प्राणघातक ठरू शकते. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने तो खोलीत साचल्याचे लक्षात येत नाही. अतिशय हवाबंद घरांत स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखाही धुराड्यातील वायू उलट खोलीत ओढू शकतो.

भारतातील फायरप्लेस

भारतात फायरप्लेसचा प्रसार मुख्यतः ब्रिटिश काळात थंड हवेच्या ठिकाणी झाला. शिमला, मसुरी, दार्जिलिंग आणि उटी येथील बंगल्यांत, क्लबांत आणि शासकीय इमारतींत इंग्रजी धर्तीच्या फायरप्लेस बांधल्या गेल्या. महाराष्ट्रात सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथील जुन्या वसाहतकालीन बंगल्यांतही त्या आढळतात.

हिमालयीन प्रदेशातील स्थानिक साधने मात्र वेगळी आहेत. बुखारी ही नळी असलेली पत्र्याची किंवा लोखंडाची बंद भट्टी असून तिची तापलेली बाजू आणि नळी खोलीतच असल्याने ती उघड्या आगटीपेक्षा अधिक उष्णता देते. काश्मिरातील कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे होय. ते फेरन या सैल अंगरख्याच्या आत धरले जाते. कांगडी खोलीऐवजी थेट शरीर तापवत असल्याने तिला अत्यल्प जळण पुरते. तथापि तिच्या दीर्घ वापराने त्वचेचा कर्करोग होत असल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे.

महाराष्ट्रातील बहुतांश घरांत स्वतंत्र तापनसाधनाची गरज नव्हती. हिवाळ्यात चुलीची धग पुरेशी असे. येथील प्रश्न उष्णता वाचवण्यापेक्षा धूर बाहेर काढण्याचा होता. वर्धा येथील मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून पुढे आलेली धुराड्याची ‘मगन चूल’ हा त्या दिशेने झालेला एक प्रयत्न होय. तीत एकाच विस्तवाची धग एकापेक्षा अधिक भांड्यांखालून फिरवून मगच धूर धुराड्यात सोडला जातो. स्वीडनमधील भट्टीप्रमाणेच येथेही धुरातील उष्णता तो बाहेर पडण्यापूर्वी वापरून घेतली जाते.

हेही पाहा

चूल
शेगडी
धुराडे
बुखारी
कांगडी
उष्णता संक्रमण
बेंजामिन फ्रँकलिन